दोन दारांची सभा

३ मार्च

प्रिय ताई,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं एकच वाक्य वाच: तुझी लेक माझ्याविरुद्ध उभी राहिली आहे.

वाचलंस? आता तू पत्र फाडणार नाहीस. वीस वर्षं बोलली नसलीस तरी तुझा स्वभाव मला पाठ आहे. चष्मा शोधशील, खिडकीशी बसशील आणि पहिल्यापासून वाचशील.

तर पहिल्यापासून. काल सकाळी माझे सचिव आत आले. त्यांना सगळं कार्यालय विलंबराव म्हणतं, कारण त्यांच्या टेबलावरून कागद हलायला पंधरवडा लागतो. पण काल ते चक्क धावत आले. म्हणाले, "बाई, एक तरुण महिला भेटीसाठी बसल्या आहेत. नाव नोंदवलंय, कारण नोंदवलंय, आणि कारण मी मोठ्याने वाचू शकत नाही." मी बाहेर डोकावले तर बाकावर आपली भिंगरी. केस घट्ट बांधलेले, मांडीवर फाईल, आणि चेहरा असा की जणू मी तिची कुणीच नाही.

"अगं, आत ये की! बाकावर काय बसलीस?"

"माझा नंबर तिसरा आहे, नगराध्यक्षबाई," ती म्हणाली.

दोन माणसांची गाऱ्हाणी ऐकेपर्यंत मी तिला थांबवलं. आत आल्यावर ती उभीच राहिली.

"मी पक्षाकडे उमेदवारी मागणार आहे."

"कशाची?"

"तुमच्या खुर्चीची."

"बस आधी. चहा घेणार?"

"घेईन," ती म्हणाली. "पण विरोधक म्हणून."

ताई, मला राग यायला हवा होता. विलंबराव तर दारात असे उभे होते की मी रागावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मला काय झालं, ठाऊक आहे? मला सडकून भूक लागली! वीस वर्षं या खुर्चीत आहे. गेल्या तीन खेपांना समोर कुणी उभंच राहिलं नाही. सभा व्हायची, हेडमास्तर विचारायचे, "आणखी कुणाचं नाव?", आणि लोक छताकडे बघायचे. लोकांना मी इतकी आवडते असं मी समजत होते. आता वाटतं, त्यांना नुसता कंटाळा आला होता. मलाही आला होता, फक्त सांगायला कुणी नव्हतं.

(हेडमास्तर तुला आठवतात ना? शाळेतून केव्हाच निवृत्त झाले, पण पक्षाच्या गावशाखेचे अध्यक्ष अजून तेच. अजूनही सभेत कुणी जांभई दिली तर नाव घेऊन उभं करतात.)

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं माझं आणि भिंगरीचं ठरलं होतं, तो शब्द मी आता मोडते. बस डेपोत वेळापत्रकं करायच्या नोकरीवर ती इथे आली त्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत जवळजवळ दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पण तू कधी विचारलंच नाहीस, असं तिचं म्हणणं. तिच्यावर चिडू नकोस. तुझा पत्ताही तिनेच दिला, आणि देताना म्हणाली, "मावशी, फोन करू नकोस, आई ठेवून देईल." म्हणून पत्र. ठेवून दिलं तरी पत्र उरतं.

तर आता सभा होणार, खरीखुरी, दोन दारांची! वीस तारखेला, रविवारी. तुला सांगायला नको, पण सांगते, कारण लिहितानाही अंगावर काटा येतोय. भाषणं झाली की सगळे सभासद उठणार. मला पाठिंबा देणारे डाव्या दाराने हमरस्त्यावर, तिला देणारे उजव्या दाराने मागच्या गल्लीत. दोन्ही दारांत मोजणारे. चिठ्ठी नाही, पेटी नाही, लपायला जागा नाही. आणि उजवं दार उघडतच नाही! वीस वर्षांत त्याची गरजच पडली नाही. पाठीमागे मोडक्या खुर्च्या रचल्यात, एक कपाट लावलंय, बिजागरी गंजून एकजीव झालीय. हेडमास्तरांनी सुतार बोलावला. तो म्हणाला, "हे दार आहे होय? मला भिंत वाटली."

ताई, आपण दोघींनी आता साठी ओलांडली. वीस वर्षांपूर्वी त्या सभेत गैरसमजाने जे घडलं, ते आता मागे टाकूया. तुझी लेक आणि मी समोरासमोर उभ्या राहणार आहोत. तू कुठेतरी जवळपास आहेस असं वाटलं तर बरं वाटेल.

शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्र कोरडं नको आणि ओलं नको. हे कसं झालंय ते तूच ठरव.

तुझी
धाकटी


९ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. अजून वेळ गेलेली नाही, टपालाला तीन दिवस लागतात. मी रोज पेटी बघते आणि मग स्वतःवर चिडते.

तुझी लेक डोकेबाज निघाली. सभागृहं घेत नाही, फलक लावत नाही. बसच्या थांब्यांवर सभा घेते! बस येईपर्यंत भाषण, बस आली की समाप्त. आणि बस वेळेवर येत नसल्यामुळे भाषणं चांगली लांबतात. परवा टाकीजवळच्या थांब्यावर तिने पंचेचाळीस मिनिटं बोलून शेवटी सांगितलं, "ही माझी भाषणाची हौस नाही. हा तुमच्या नगराध्यक्षांचा कारभार आहे." लोक हसून लोळले. मला हे तिघांनी येऊन सांगितलं, आणि तिघांनीही सांगताना हसू दाबलं.

तिचा मुद्दा असा. मी दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर नवा दवाखाना बांधला. चाळीस खाटा, पांढऱ्याशुभ्र भिंती, रांगेत बसायला पाठीच्या खुर्च्या. मला त्याचा फार अभिमान आहे. तो उघडला आणि बाजारातला जुना बंद केला. भिंगरी म्हणते, खालच्या वस्तीतून तिथे पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागतात.

"काहीतरीच," मी म्हटलं. "वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"गाडीने."

"मग?"

"मावशी, तू कधी बसने गेलीस?"

हे रविवारी, जेवताना. रविवारी ती विरोधक नसते, असं आमचं ठरलंय, पण पाळलं कुणीच नाही.

मग काल मी गेले. माझ्याबरोबर आमचे हे. यांनी दातांचा दवाखाना बंद केल्यापासून यांना कुठेही न्या, खूश असतात. खालच्या वस्तीच्या थांब्यावर नऊ दहाला उभी राहिले. ताई, किती वर्षांनी मी रस्त्यावर नुसती उभी राहिले असेन! कुणाचं उद्घाटन नाही, हातात कात्री नाही. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून बघितलं, मग शेजारच्या न्हाव्याला बोलावून दाखवलं. बसमध्ये चढले तर कंडक्टर म्हणाला,

"बाई, गाडी बिघडली का?"

"नाही. बघायला आले."

"काय बघायला?"

"किती वेळ लागतो ते."

"त्यासाठी तिकीट कशाला काढलंत? मला विचारायचं."

शेजारी एक आजीबाई होत्या, डोळ्यावर पट्टी. त्यांनी मला ओळखलं नाही, एकच डोळा उघडा होता आणि तोही म्हणे अर्धाच. मला म्हणाल्या, "पट्टी बदलायला जाते. परवा गेले तर खिडकी बंद झालेली. आज लवकर निघाले. दवाखाना झकास बांधलाय हो, पण पोचेस्तोवर माणूस बरा तरी होतो नाहीतर..." आणि हात वर केला. यांना इतकं हसू आलं की यांनी रुमालात तोंड घातलं. मी मात्र त्या आजींचा हात धरून बसले. मध्ये बस बदलली, उन्हात उभे राहिलो, दुसरी आली ती भरलेली. दवाखान्याच्या दारात उतरले तेव्हा घड्याळात दहा पंचावन्न.

एक तास पंचेचाळीस मिनिटं! म्हणजे भिंगरीने पाच मिनिटं माझ्या बाजूने कमी सांगितली होती.

तिथूनच विलंबरावांना फोन केला: आजच्या आज डेपोला पत्र, थेट बस हवी. ते म्हणाले, "आजच्या आज म्हणजे साधारण कधी?" मी म्हटलं, "मी बसने परत येईपर्यंत. तुमच्याकडे एक तास पंचेचाळीस मिनिटं आहेत."

संध्याकाळी भिंगरीला सांगितलं. ती खूश झाली, पण दोनच सेकंद.

"मी ओरडले म्हणून झालं हे."

"मग जिंकलीस की. आता घरी जा."

"नाही. अजून अकरा थांबे राहिलेत."

अशी आहे तुझी लेक. आणि मीही काही घरी बसलेली नाही. पायी फिरते, एकेका सभासदाचं दार वाजवते. पोटऱ्या दुखतात आणि सकाळी उठायची घाई होते! आमचे हे माझे हिशोबनीस. दातांच्या दवाखान्यातली जुनी कार्डं काढलीत आणि प्रत्येक सभासदाचं कार्ड केलंय. तीन खाती: पक्के, हलते आणि किडके. पक्के माझे, किडके तिचे. आजचा आकडा एकशे एक्काहत्तर पक्के, एकशे साठ किडके, बाकी सगळे हलते. हे म्हणतात, "हलत्या दाताला जीभ लावत बसू नये, आणखी हलतो." मी ऐकत नाही. उद्या लाकडाच्या वखारीपलीकडची आळी.

तू असतीस तर मला भाषणात तीन ठिकाणी तरी थांबवलं असतंस.

तुझी
धाकटी


१५ मार्च

ताई,

आज तुझं पाकीट आलं. तुझं अक्षर! "प्रति" मधली ती लांबलचक वेलांटी. मी जिन्यातच बसले. विलंबराव खाली होते, त्यांना वाटलं मला काही झालं. झालंच होतं.

आत माझंच पहिलं पत्र. तुझी एक ओळही नाही. फक्त "गैरसमजाने" या शब्दाभोवती तांबड्या शाईचा गोल, आणि समासात तुझ्या त्या मास्तरीण अक्षरात: "चूक. पुन्हा लिही."

तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तेव्हा मुलांना किती धाक वाटत असेल ते आज कळलं. आणि ताई, खरं सांगू? मला आनंदही झाला. वीस वर्षांत तू मला उद्देशून लिहिलेले हे पहिले तीन शब्द. मी ते पत्र पिशवीत घालून दिवसभर हिंडले. तीन हलते पक्के करून आले.

तर पुन्हा लिहिते.

सभा संपत आली होती. सगळे बाहेर गेले होते. आत आपण दोघी आणि हेडमास्तर. दोन्ही दारांतून आकडे आले: एकशे चाळीस, एकशे चाळीस. आता फक्त आपली दोघींची मतं राहिली. पक्षाची जुनी चाल आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात: शेवटी उमेदवारांनी एकमेकींच्या दाराने जायचं. स्वतःला मत द्यायचं नाही, समोरच्याला द्यायचं. पक्ष एकच आहे, हे लोकांनी बघावं म्हणून. तू आधी निघालीस. सरळ माझ्या दाराने, ताठ मानेने बाहेर. आणि मग मी. मीही माझ्याच दाराने. एकशे बेचाळीस, एकशे चाळीस. जिंकले.

बाहेर गलका झाला. हेडमास्तर म्हणाले, "अगं, चाल माहीत नव्हती का तुला?" मी म्हटलं, "नव्हती, सर." लोक म्हणाले, नवखी आहे बिचारी, गोंधळली. आणि आकडा आकडाच असतो, चाल म्हणजे काही नियम नव्हे. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगत आले. यांनाही. वीस वर्षांत इतक्यांदा सांगितलं की "गोंधळले" म्हणताना माझा चेहरासुद्धा आपोआप गोंधळतो.

मला माहीत होतं, ताई. सभेआधी पायऱ्यांवर तूच सांगितलं होतंस. माझ्या बाहीला शाई लागली होती. तू बोटाला थुंकी लावून ती पुसत होतीस आणि म्हणालीस, "लक्षात ठेव, शेवटी तू माझ्या दाराने, मी तुझ्या." मी हो म्हटलं. बाही ओली होती अजून, जेव्हा मी माझ्या दाराने गेले.

बरोबरी झाली असती तर पंधरा दिवसांनी पुन्हा सभा. आणि पुन्हा झाली असती तर तू जिंकली असतीस. माझ्यापेक्षा तू चांगली बोलायचीस, तुला गावाची नस माहीत होती, आणि लोकांना हळूहळू ते दिसत होतं. हे मी त्या रिकाम्या सभागृहात, दोन दारांच्या मध्ये उभी राहून, जेवढा वेळ पाऊल उचलायला लागतो तेवढ्या वेळात जोखलं. मला ती खुर्ची हवी होती. म्हणून.

तू कुणाला सांगितलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतर नाही. दोन महिन्यांनी सामान बांधून गेलीस तेव्हाही लोकांना म्हणालीस, भाऊजींची बदली झाली. भिंगरीलाही सांगितलेलं नाहीस. मी गेल्या रविवारी आडून विचारून पाहिलं. चौदा वर्षांची पोर, मैत्रिणी सोडून गेली, आणि का ते तिला आजही ठाऊक नाही.

आता सांग तिला. हे पत्र अठराला तुझ्या हातात पडेल, सभा वीसला आहे. फोन करून हवं तर शब्दन् शब्द वाचून दाखव. तिने ते सभेत वापरलं तर वापरू दे. यांच्या कार्डांप्रमाणे मी आज अकरा मतांनी पुढे आहे, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मी हरते आहे म्हणून मन मोकळं केलं असं तुला वाटायला नको. मला जिंकायचंय, ताई! कधी नव्हे इतकं जिंकायचंय.

बघ आता. पुन्हा चूक असेल तर पुन्हा गोल कर.

तुझी
धाकटी


२१ मार्च

प्रिय ताई,

भिंगरीने तुला फोनवर निकाल सांगितलाच असणार. पण ती वेळापत्रकं करणारी बाई आहे, आकडा सांगून मोकळी झाली असेल. सभा माझ्याकडून ऐक.

सभागृह खच्चून भरलं होतं. उजवं दार सुताराने उघडं करून दिलं होतं, पण इतकं कुरकुरत होतं की कुणीतरी त्यात तेल ओतलं, आणि आता तिथली फरशी घसरडी झाली होती. हेडमास्तरांनी पहिलीच सूचना दिली: "भिंगरीच्या बाजूने जाणाऱ्यांनी पाय जपून टाकावेत." माझ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या लोकांनी त्याहून जोरात.

सुरू व्हायच्या आधी ती माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले.

"आईने पत्र वाचून दाखवलं. सगळं."

"बरं."

"आई म्हणाली, हे वापरायचं नाही. मी म्हटलं, मी तुझं ऐकेनच असं नाही."

"बरं," मी पुन्हा म्हटलं.

"नुसतं बरं काय, मावशी! मला वीस वर्षं वाटत होतं की मी काहीतरी केलं म्हणून आम्ही गाव सोडलं. मी तेव्हा गणितात नापास झाले होते!"

तेवढ्यात घंटा झाली आणि ती तिच्या खुर्चीकडे गेली.

ती झकास बोलली, ताई. तुझ्यासारखी नाही. तू वाक्य उचलून धरायचीस, ही वाक्य ठेवून देते आणि पुढे जाते. थांबे, बसा, दवाखान्याची खिडकी. त्या गोष्टीचा एक शब्द नाही. मीही बरी बोलले. दवाखान्याच्या प्रवासाचं मीच सांगितलं, एक तास पंचेचाळीस मिनिटांचं आणि त्या आजींचं, आणि लोक माझ्याबरोबर हसले. मी जिंकणार हे मला खुर्च्यांवरून दिसत होतं. हे तिसऱ्या रांगेत बसून बोटाने दाखवत होते: तेरा, तेरा.

आणि मग एका तरुण सभासदाने हात वर केला. "सर, शेवटी उमेदवार कुठल्या दाराने जाणार?" कुणालाच माहीत नाही, वीस वर्षांत कुणी पाहिलंय? हेडमास्तरांनी चाल समजावून सांगितली. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, म्हणाले, "मागच्या खेपेला आमच्या बाईंकडून नकळत चूक झाली होती. यंदा होणार नाही." सगळं सभागृह हसलं. लाडाने हसलं. ते हसू मला वीस वर्षं पुरलं होतं.

मी उभी राहिले. "सर, नकळत नव्हती."

"काय?"

"मला चाल माहीत होती. ताईने मला सभेआधी पायऱ्यांवर सांगितली होती. मला खुर्ची हवी होती म्हणून मी माझ्या दाराने गेले, आणि नंतर तुमच्याशी खोटं बोलले. त्या दिवशी बरोबरी होती. पुढच्या सभेत कोण जिंकलं असतं ते मला माहीत आहे."

ताई, मी हे काही साधुसंतांसारखं केलं असं समजू नकोस. बोलायला उभी राहिले तेव्हा मला मनातून वाटत होतं की लोक टाळ्या वाजवतील! काय मोठ्या मनाची बाई म्हणतील, आणखी चार मतं पडतील. राजकारणात वीस वर्षं काढली की खरं बोलतानासुद्धा माणूस मतं मोजतो. टाळ्या पडल्या नाहीत. हेडमास्तर चष्मा काढून पुसत राहिले. मागून एक म्हातारा म्हणाला, "मी तेव्हा हिच्या बाजूने भांडलो होतो हो." बस, एवढंच. ते मला सगळ्यात लागलं.

मग खुर्च्या सरकल्या आणि लोक निघाले. मी व्यासपीठावरून बघत होते. डावीकडे रांग, उजवीकडे रांग, मध्ये थांबलेले, परत फिरलेले. वखारीपलीकडचे तिघं, ज्यांच्यासाठी मी चप्पल झिजवली, ते तेलकट फरशीवरून एकमेकांना धरून उजवीकडे गेले. आणि मग तिसऱ्या रांगेतून आमचे हे उठले. कार्डांचा गठ्ठा खिशात. सरळ उजवीकडे! दारात वळून मला हात केला आणि घसरता घसरता वाचले.

घरी विचारलं, "माझ्या कबुलीमुळे?"

"छे! मी दोन आठवड्यांपूर्वीच ठरवलं होतं. बसमध्ये."

"मग कार्डावर स्वतःला कुठे घातलं होतंत?"

"हलत्यांत," हे म्हणाले. "मी हिशोबात कधी लबाडी करत नाही."

तर सभागृह रिकामं झालं. आत मी, भिंगरी आणि हेडमास्तर. दारांतून आकडे आले: डावं एकशे अठ्ठ्याण्णव, उजवं दोनशे पाच. सातने गेले. भिंगरीने तोंडावर हात ठेवला. पहिला शब्द बोलली तो असा:

"तू हरायला सांगितलंस का ते सगळं? मला असं नव्हतं जिंकायचं!"

"वेडी आहेस का? मी जिंकायला सांगितलं. अंदाज चुकला."

ती हसली आणि रडली आणि पुन्हा हसली. हेडमास्तर खाकरले, म्हणाले, रीतीप्रमाणे गैरहजरांची नावं वाचायची राहिलीत. एकोणीस जण. ते यादी वाचू लागले, आणि चौथं नाव तुझं.

आम्ही दोघी एकदम वळलो.

"सर, ती सभासद आहे?"

"कधी नव्हती? दरवर्षी जानेवारीत तिचा अर्ज टपालाने येतो. याच शाखेसाठी. मी समजलो तुम्हाला माहीत आहे."

भिंगरीलाही माहीत नव्हतं. वीस वर्षं, ताई! वीस अर्ज. आणि मी इथे एकदाही सभासदांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली नाही, कारण मला विरोधकच नव्हता.

मग आम्ही निघालो. ती माझ्या दाराने हमरस्त्यावर, मी तिच्या दाराने गल्लीत. मी गल्लीत पाऊल टाकलं तर दोनशे माणसं गप्प उभी. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओरडले, "सात!"

"सात काय?"

"सात मतांनी!"

"पण कुणी?"

"अरे तुम्ही! तुम्ही जिंकलात, ठोंब्यांनो!"

एका क्षणात जो काही धिंगाणा सुरू झाला! मला कुणीतरी उचललंच, मग लक्षात आलं की ही तर हरलेली, म्हणून खाली ठेवलं, आणि मग भिंगरी वळसा घालून धावत आली तेव्हा आम्हा दोघींना मिळून पुन्हा उचललं. एकसष्टाव्या वर्षी! माझा चष्मा गेला तो अजून सापडलेला नाही. हे पत्र मी यांच्या चष्म्याने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर त्यावर गोल करू नकोस.

आता कामाचं. निवडणुकीचा अर्ज शुक्रवारी सकाळी अकराला भरायचा आहे. त्यावर सूचक हवा आणि अनुमोदक हवा, दोघेही याच शाखेचे सभासद, आणि दोघांनी सही समोर उभं राहून करायची. आज सकाळी भिंगरी कार्यालयात आली. या खेपेला बाकावर बसली नाही. म्हणाली, सूचक तू. मी हो म्हटलं. विचारलं, अनुमोदक कोण? तर तोंड फिरवून उभी राहिली.

"आईला मी नाही विचारणार. ती मला नाही म्हणेल."

"आणि मला? मला तर ती वीस वर्षं नाहीच म्हणतेय."

"म्हणूनच. तिच्याकडचे नकार आता संपले असतील."

आपल्या दोघींच्या दरम्यान काय काय मोडलंय ते एका सहीने सांधत नाही, एवढं मला कळतं. तू येऊन सही करून माझ्याशी न बोलता पुढच्या गाडीने परत गेलीस तरी चालेल. स्टेशनवर मी नको असेन तर हे येतील. तुला त्या गल्लीतली गर्दी बघायला मिळाली नाही, प्रचारात मिळेल. तुझ्या लेकीच्या सभा अजून थांब्यांवरच होणार आहेत, आणि तिथे तिला वाक्य उचलून धरायला कुणीतरी शिकवायला हवं. माझं ती ऐकत नाही.

विलंबराव मगाचपासून अर्ज घेऊन दारात उभे आहेत. त्यांच्या जन्मात पहिल्यांदा त्यांना घाई आहे. सूचक म्हणून माझं नाव टाइप झालं. दुसऱ्या ओळीत काय टाकू, म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

"त्यांना विचारलंत का, बाई?"

"विचारते आहे," मी म्हटलं.

तुझी
धाकटी